हौस आणि नेम : काशीच्या घाटांवरील सामुदायिक कला आणि अव्यावसायिक सहभाग

१. विषयाचे स्वरूप

सामुदायिक कलांचा विचार करताना साहित्याचा अभ्यासक सामान्यतः संहितेपासून आरंभ करतो आणि कर्त्यापाशी येऊन थांबतो. रामलीलेचा विषय निघाला की चर्चा तुलसीदासांची होते, भारुडाचा निघाला की एकनाथांची. या संहिता शतकानुशतके ज्यांच्या कंठातून उमटल्या, त्यांसाठी ज्यांनी मुखवटे रंगविले, मशाली धरल्या, वर्गणी गोळा केली आणि रात्री जागविल्या, त्या विनामोबदला राबणाऱ्या माणसांचा उल्लेख बहुधा तळटीपेपुरता राहतो. लोकसाहित्याच्या अभ्यासात त्यांना 'लोक' या समूहवाचक नामात सामावून घेतले जाते आणि नाट्येतिहासात 'हौशी' या विशेषणाने बाजूला ठेवले जाते. दोन्ही ठिकाणी त्यांच्या सहभागाचे नेमके स्वरूप तपासले जात नाही.

प्रस्तुत लेखात काशीच्या घाटांवरील, विशेषतः मराठी माणसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमृतराव घाटाच्या परिसरातील सामुदायिक कलांच्या संदर्भात या सहभागाचा विचार करावयाचा आहे. अव्यावसायिक सहभागामागे दोन भिन्न तत्त्वे असतात, त्यांना आपल्या भाषेत 'हौस' आणि 'नेम' अशी नावे आहेत आणि ही दोन्ही 'अमॅच्युअर' या एकाच पाश्चात्त्य संज्ञेखाली आणल्यामुळे आपल्या तौलनिक विवेचनात गोंधळ झाला आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. या घाटांवर आज जे घडत आहे, त्यात काय टिकते आहे आणि काय हरवते आहे, हे ओळखण्याची क्षमताही त्यावर अवलंबून आहे.

२. शब्दविचार

मराठीतील 'हौस' हा शब्द अरबी 'हवस' या शब्दावरून फारसीच्या वाटेने आला. हिंदीत 'हवस' या रूपाला लोभ आणि वासना यांची छटा चिकटून राहिली. मराठीत मात्र तो शब्द धुऊन निघाल्यासारखा झाला आणि हौसेने केलेले लुगडे, हौसेने बांधलेले घर अशा घरगुती, निरागस प्रयोगांत स्थिरावला. हिंदीतील 'शौक' हा शब्दही अरबीच; त्याचा मूळ अर्थ तीव्र ओढ. 'अमॅच्युअर' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'प्रेम करणारा' हा अर्थ आहे. तिन्ही शब्द असे इच्छेच्या क्षेत्रातून आलेले आहेत. ज्याला आवडते तो करतो; आवड सरली की करणे थांबते आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही.

'नेम' या शब्दाचे कूळ निराळे. संस्कृत 'नियम' या शब्दाचे हे तद्भव रूप. 'नेमाने' पूजा करणे, 'नित्यनेम' पाळणे, किंवा उलटपक्षी 'पावसाचा काही नेम नाही' असे म्हणणे, या सर्व प्रयोगांत इच्छेचा संबंध नाही. संबंध आहे तो ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट घडण्याशी. काशीच्या बोलीतही हा शब्द जिवंत आहे. रामनगरच्या रामलीलेला महिनाभर एकही दिवस न चुकवता जो उपस्थित राहतो त्याला तेथे 'नेमी' म्हणतात. हा नेमी रंगमंचावर नसतो, त्याला भूमिका नसते; तरीही त्याच्या हातात मानसाचा गुटका असतो, तो दिव्याच्या उजेडात ओळीवर बोट ठेवून पाठ ऐकत असतो. त्याला प्रेक्षक म्हणावे तर तो पाठाचा साक्षी आहे आणि सहभागी म्हणावे तर तो काही करून दाखवीत नाही. 'अमॅच्युअर' आणि 'प्रोफेशनल' या जोडीत त्याला जागा नाही.

काशीतील कारागिरांच्या लोकसंस्कृतीवर १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या नीता कुमार यांच्या ग्रंथात शौक, मौज आणि मस्ती या बनारसी कल्पनांचा सविस्तर विचार आहे. विणकर, धातुकाम करणारे, लाकडी वस्तू घडविणारे या वर्गांच्या जीवनात आखाडा, संगीत, देवळांचे वार्षिक शृंगार आणि रामलीला यांना किती मध्यवर्ती स्थान आहे हे त्यांनी दाखविले. विसाव्या शतकात उच्चवर्गीय आश्रयदाते या सार्वजनिक उत्सवांतून हळूहळू दूर झाले आणि गल्लीतील सामान्य माणसांनी ते आपल्या वर्गणीवर चालविले, हे त्यांचे निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आश्रय आटल्यावर कला संपते हा समज या उदाहरणाने डळमळतो. मात्र शौक या एका संकल्पनेने या सातत्याचा पूर्ण उलगडा होत नाही. शौक माणसाला उत्सवात आणतो. दरवर्षी त्याच तिथीला, त्याच कामावर त्याला परत उभे करण्यासाठी आणखी काही लागते.

३. अमृतराव घाट : आश्रय आणि वर्गणी

केदार घाटाकडून दशाश्वमेधाकडे जाताना नारद घाटाला लागून जो घाट येतो तो आज 'राजा घाट' या नावाने अधिक परिचित आहे. अमृतराव पेशव्यांनी तो पक्का बांधून घेतला म्हणून त्याला अमृतराव घाट म्हणत. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ विजय मिळविल्यानंतर काही काळ पुण्याचा कारभार त्यांच्या हाती आला होता. १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून सालीना सात लाख रुपयांच्या नेमणुकीवर ते बाजूला झाले. पुढे बुंदेलखंडातील कर्वी आणि काशी ही त्यांची ठिकाणे झाली आणि १८२४ मध्ये काशीतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या दानधर्माची आणि अन्नछत्राची आठवण या घाटाशी जोडलेली आहे.

काशीच्या नदीकाठावर मराठी राज्यकर्त्यांच्या खुणा अनेक आहेत. अहिल्याबाई, भोसले, शिंदे ही नावे घाटांना आहेत. परंतु घाट बांधणे आणि घाट वापरात ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी धन लागते; दुसरीसाठी माणसांची ये-जा, तिथीवार, पाठ, गाणे, दिवे लागतात. अमृतरावांच्या वारसांच्या बाबतीत धनाचा ओघ अचानक थांबला. १८५७ च्या उठावानंतर कर्वी येथील त्यांचा खजिना १८५८ मध्ये इंग्रज फौजेच्या हाती पडला. 'बांदा आणि कर्वीची लूट' या नावाने ती संपत्ती पुढे इंग्लंडमधील न्यायालयात गाजली. वाद होता तो लुटीच्या वाटपाचा. आश्रयदात्याच्या एका घराण्यावर उभी असलेली दानव्यवस्था अशी मोडली की तिच्या आधाराने चालणारे पाठ, कीर्तने, उत्सव यांना दुसरा आधार शोधावा लागतो.

काशीतील मराठी समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून असा आधार वर्गणीत शोधला. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरातील मराठी वस्तीत सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा रुजली आणि ती आजही चालू आहे. पुण्यात १८९३-९४ पासून या उत्सवाला जे सार्वजनिक रूप आले त्याचाच हा विस्तार होता. पण येथे त्याचा अर्थ बदलला. पुण्यात गणेशोत्सव हे राजकीय जागृतीचे साधन होते. काशीत तो प्रामुख्याने भाषेचा आणि वस्तीचा उत्सव ठरला. ज्या समाजातून हिंदी पत्रकारितेला 'आज' या दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर (१८८३-१९५५) यांच्यासारखा माणूस मिळाला, तो समाज व्यवहारात किती हिंदीमय झाला होता हे सांगावयास नको. अशा कुटुंबातील मुलामुलींना आरती, पद, कीर्तनाचा पूर्वरंग, एखादा नाट्यप्रवेश यांच्या निमित्ताने चारचौघांत मराठी उच्चारावी लागते. तेथे हौशी कलेचे मूल्य रंगकौशल्यावर ठरत नाही. त्या उच्चाराची संधी वर्षाकाठी निश्चितपणे येते, यात ते आहे.

४. रामलीला : नेमाची रचना

काशी परिसरातील रामलीलांमध्ये नेमाचे तत्त्व सर्वाधिक स्पष्ट दिसते ते गंगेपलीकडील रामनगरात. महाराजा उदितनारायण सिंह आणि ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, या लीलेला आजचे रूप आले. अनंत चतुर्दशीला ती सुरू होते आणि सुमारे महिनाभर चालते. महाराष्ट्रात ज्या दिवशी गणपतीचे विसर्जन होऊन उत्सव संपतो, त्याच दिवशी रामनगरात उत्सवाचा आरंभ होतो. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका ही स्थळे गावात आणि गावाबाहेर कायमची ठरलेली आहेत. लीला एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी सरकते तसा समुदायही चालत जातो. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत.

रिचर्ड शेखनर, लिंडा हेस, अनुराधा कपूर आणि फिलिप लुट्गेंडॉर्फ यांच्या अभ्यासामुळे ही लीला जगभरच्या नाट्यविद्येत परिचित झाली आहे. या लीलेतील कामाची वाटणी आपल्या विषयाला उपयुक्त आहे. राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता ही पाच 'स्वरूपे' ब्राह्मण कुटुंबांतील मुलांमधून निवडली जातात. आवाज फुटण्यापूर्वीचे वय ही अट असते. व्यास त्यांना काही आठवडे आधीपासून संवाद पाठ करवून घेतात आणि प्रत्यक्ष लीलेत पोथी हाती धरून त्यांच्या मागे उभे राहतात. रामायणी बसून मानसाचे सस्वर पठण करतात. ते थांबले की संवाद होतो, संवाद संपला की पुन्हा पाठ. काही भूमिका घराण्यात चालत आलेल्या आहेत. मुखवटे, पुतळे, मशाली, विमान वाहून नेणे ही कामेही त्या त्या समूहांकडे आहेत. नाटी इमलीच्या प्रसिद्ध भरतमिलापात पुष्पक विमान खांद्यावर घेण्याचा मान यादव समाजाचा आहे.

यांतील काहींना नाममात्र बिदागी मिळते, काहींना मिळत नाही. परंतु पैसा मिळतो की नाही या निकषावर त्यांची विभागणी केली तर हाती काहीच लागत नाही. व्यास हा शिकविण्यात मुरलेला असतो, तरी तो व्यावसायिक दिग्दर्शक नाही. स्वरूप झालेला मुलगा नवखा असतो, तरी त्याला हौशी नट म्हणणे तेथे विपरीत ठरेल, कारण त्या काळात त्याच्या पायाला लोक हात लावतात. या सर्वांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे तिथी, स्थळ आणि पाळी. कोणी चांगले करतो म्हणून त्याला काम मिळत नाही. त्याचे काम असते म्हणून ते त्याला चांगले करावे लागते.

संहितेच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. रामलीलेत मानस संपूर्ण म्हटले जाते; कंटाळवाणा वाटणारा भाग गाळला जात नाही. रंगतीसाठी खेळणारा हौशी संच कापाकापी करील. नेमाने बांधलेला रामायणी ती करू शकत नाही. मुद्रणपूर्व काळात दीर्घ संहितांचे जतन कसे झाले याचे उत्तर देताना आपण हस्तलिखितांकडे पाहतो. नेमाने म्हणणाऱ्या माणसांची ही व्यवस्था तितकीच महत्त्वाची आहे.

५. मराठी परंपरेतील प्रतिरूपे : पहारा, मान आणि उत्सवी नाटक

या व्यवस्थेची मराठी प्रतिरूपे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. गावातील माणसे पाळीपाळीने ती गळ्यात घेऊन उभी राहतात. या पाळीला 'पहारा' म्हणतात. रात्री दोन ते चारचा पहारा कोणाला हौसेने हवा असतो? तरीही तो रिकामा राहत नाही. कोकणातील शिमग्यात पालखी, निशाण, ढोल यांचे मान ठरलेले असतात. सोंगी भारुडे गावातील माणसेच करतात. एकनाथांच्या रचनांना सोंग, हावभाव आणि तत्काळ सुचलेले संवाद यांची जोड देऊन ती दरवर्षी नवी होतात. नवरात्रादी उत्सवांच्या समाप्तीला होणारे लळित हे मराठी नाट्याच्या पूर्वपीठिकेत गणले जाते. तेही उत्सवाच्या नेमातूनच आलेले.

एकनाथांचा आणि काशीचा संबंध येथे स्मरणीय आहे. 'एकनाथी भागवत' हा ग्रंथ त्यांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत कार्तिक पौर्णिमेला पूर्ण केला. प्राकृतात भागवत आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि अखेर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिच्यातील एक तपशील अर्थपूर्ण वाटतो : ग्रंथाला मान्यता मिळाली ती मिरवणुकीच्या, म्हणजे सामुदायिक कृतीच्या रूपाने.

गोव्यात या परंपरेला 'उत्सवी रंगभूमी' असे समर्पक नावच आहे. तेथील गावागावांत जत्रेच्या निमित्ताने ग्रामस्थ स्वतः नाटक बसवितात. नोकरीनिमित्त बाहेर असलेला माणूस तालमींसाठी रजा काढून येतो. नाटक ऐतिहासिक असो वा संगीत, ते देवापुढे होते आणि त्याची तारीख पंचांगावर ठरते. तंजावरजवळील मेलट्टूर येथे नरसिंह जयंतीला होणारा भागवत मेळाही याच जातीचा. नायक आणि नंतर भोसले राजांच्या आश्रयाखाली वाढलेल्या या परंपरेत गावच्या कुटुंबांतील पुरुष वेंकटराम शास्त्री यांची तेलुगू नाटके करतात. इतर वेळी ते कचेऱ्यांत वा शिक्षणसंस्थांत काम करणारे असतात. राजाश्रय गेल्यावरही ही परंपरा टिकली, याचे कारण घराण्यांनी घेतलेला नेम.

व्यापक संदर्भात पाहता हे केवळ भारतीय वैशिष्ट्य नाही. प्राचीन अथेन्समध्ये डायोनिससच्या मोठ्या उत्सवात दहा जमातींतून पन्नास प्रौढांचे आणि पन्नास मुलांचे असे वीस वृंद उभे राहत. म्हणजे केवळ डिथिरॅम्ब गाणारे सुमारे १००० नागरिक दरवर्षी तालीम घेत. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ या गावाने महामारीच्या काळात केलेल्या नवसाची फेड म्हणून १६३४ पासून ख्रिस्तचरित्राचे नाटक चालविले आहे. तेथे भाग घेण्यासाठी त्या गावात जन्म किंवा वीस वर्षांचे वास्तव्य लागते. कौशल्याची अट त्यानंतर येते. ग्रीक वृंदगान, जर्मन नवसनाट्य आणि बनारसी लीला यांची तुलना विषयसूत्रांच्या पातळीवर फारशी फलदायी होत नाही. सहभागाच्या नियमांच्या पातळीवर मात्र ती अतिशय फलदायी ठरते.

६. हौशी रंगभूमीचा उदय

हौस हे तत्त्व आधुनिक रंगभूमीबरोबर पुढे आले. मराठीत त्याचा इतिहास धंदेवाईक मंडळ्यांच्या इतिहासाशी गुंतलेला आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आश्रयदात्याचे निधन झाले आणि भाव्यांना तिकिटाच्या आधारावर गावोगाव जावे लागले. १८८० मध्ये किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'नंतर संगीत नाटक मंडळ्यांचा व्यवसाय बहरला. या धंदेवाईक मंडळ्यांपासून वेगळे असल्याची जाणीव 'हौशी' या शब्दात आहे. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने आणि १९६३ पासूनच्या पुरुषोत्तम करंडकाने या हौसेला एक चौकट दिली. मराठीतील अनेक नवे नाटककार आणि प्रयोगशील दिग्दर्शक याच वाटेने आले.

काशीतही जवळपास याच काळात हौशी नाटकाचा आरंभ दिसतो. ३ एप्रिल १८६८ रोजी शीतलाप्रसाद त्रिपाठी यांच्या 'जानकीमंगल' नाटकाचा प्रयोग झाला. लक्ष्मणाची भूमिका करणारा नट आजारी पडल्याने तरुण भारतेंदू हरिश्चंद्रांनी ती ऐनवेळी पाठ करून केली. पुढे १८८३ मध्ये 'नाटक' या निबंधात भारतेंदूंनी पारशी मंडळीने काशीत केलेल्या 'शकुंतला'च्या प्रयोगाची कडक निर्भर्त्सना केली. दुष्यंत कंबरेवर हात ठेवून नाचू लागला तेव्हा थिबो आणि प्रमदादास मित्र यांच्यासारखे विद्वान उठून गेले, असे त्यांनी नोंदविले आहे. या प्रसंगातून हौशी रंगभूमीची नैतिक भूमिका स्पष्ट होते. धंदा अभिरुची बिघडवितो. निर्धन पण सुशिक्षित हौस ती सावरते. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या काशीच्या नागरी नाटक मंडळीमागेही सुशिक्षितांची हीच आकांक्षा होती.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, १८६८ चे ते नाटक सीतास्वयंवराचेच होते आणि गंगेपलीकडे तोच प्रसंग दरवर्षी लीलेत होत होता. रामनगरच्या लीलेतील संवादांच्या रचनेत भारतेंदूंचाही हात असल्याचे सांगितले जाते. म्हणजे एकाच लेखकाने दोन्ही बाजूंना काम केले. एका ठिकाणी तो नव्या रंगभूमीचा हौशी कार्यकर्ता होता, दुसऱ्या ठिकाणी जुन्या नेमाचा साहाय्यक. या दोन भूमिका परस्परविरोधी नाहीत. हौस नवे आणते. नेम आणलेले टिकवितो. स्पर्धेसाठी बसविलेले नाटक स्पर्धेबरोबर संपते. रामलीलेला मात्र नवे नाटक कधीच लिहिता येत नाही.

७. नेमाच्या मर्यादा

नेमाचे हे वर्णन त्याची भलामण ठरू नये. नेम जसा बांधून ठेवतो तसा तो बाहेरही ठेवतो. स्वरूपांसाठी जातीची अट आहे. स्त्रीभूमिका मुले करतात. मानाच्या कामांत कोणाचे काय हे जन्माने ठरते. महाराष्ट्रातील गावकीच्या मानपानातही हेच आहे. ज्यांच्या वाट्याला मान आला नाही, त्यांनी वेगळ्या प्रकारचा विनामोबदला सहभाग उभा केला. सत्यशोधक जलसे आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी चालविलेले आंबेडकरी जलसे यांत काम करणारे लोक धंदेवाईक तमासगीर नव्हते आणि रूढ अर्थाने हौशीही नव्हते. त्यांना बांधणारी गोष्ट चळवळ होती. तमाशाच्या गणगौळणीचा घाट घेऊन त्यांनी तिचा आशय बदलला. नेमाला वारशाऐवजी विचाराचा आधार देता येतो, हे या जलशांनी दाखवून दिले. सामुदायिक कलेच्या भवितव्याचा विचार करताना हे उदाहरण विसरता येणार नाही.

८. प्रायोजकाचा काळ

आजच्या घाटांवर आश्रय आणि वर्गणी यांच्या जोडीला तिसरा आर्थिक आधार आला आहे : शासन आणि प्रायोजक. दशाश्वमेध घाटावरील सामूहिक गंगाआरतीला १९९० च्या दशकापासून आजचे भव्य रूप आले. अस्सी घाटावर नोव्हेंबर २०१४ मध्ये 'सुबह-ए-बनारस' सुरू झाले. रामलीलेच्या परंपरेचा युनेस्कोच्या प्रातिनिधिक यादीत २००८ मध्ये समावेश झाला. याचे लाभ निर्विवाद आहेत. तरुण कलाकारांना व्यासपीठ मिळते, घाट स्वच्छ राहतात.

या बदलाचा परिणाम देवदिवाळीत सर्वांत ठळक दिसतो. कार्तिक पौर्णिमेला पंचगंगा घाटावर अहिल्याबाईंच्या नावे सांगितला जाणारा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ उजळण्याची प्रथा आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्याच घाटावरून दिव्यांच्या उत्सवाला नवी चालना मिळाली आणि शेजारच्या घाटांनी तो आपलासा केला. ज्या त्या घाटावरची मंडळी समिती करीत. पायऱ्या धुणे, पणत्या पाण्यात भिजवून त्या तेल पिणार नाहीत अशी काळजी घेणे, वाती वळणे, वाऱ्याची दिशा पाहून ओळी मांडणे आणि सांजेच्या थोड्या अवधीत हजारो दिवे पेटविणे ही कामे शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच. या काठावरील ओळीत अमृतराव घाटाच्या पायऱ्याही उजळतात. या रचनेला कर्ता नाही आणि ती दुसऱ्या सकाळी उरत नाही. तरी ती निःसंशय कलाकृती आहे.

अलीकडच्या वर्षांत या उत्सवाला पर्यटनाचे मोठे रूप आले. लेझरची प्रकाशचित्रे, नौकांची आगाऊ नोंदणी, मान्यवरांची उपस्थिती हे सर्व त्यात आले. पणत्या आजही स्थानिक हातच लावतात. प्रश्न असा आहे की, हे हात कोणाच्या उत्सवात राबतात? वर्गणी देणाऱ्याला हिशेब मागता येतो, ओळी कशा मांडाव्यात यावर भांडता येते, पुढच्या वर्षी समितीत येता येते. प्रायोजित कार्यक्रमातील स्वयंसेवकाला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याच्याजवळ हौस असते, पण अधिकार नसतो. विनामोबदला श्रम दोन्हीकडे तितकेच आहेत, परंतु एका ठिकाणी तो सहभाग आहे आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ फुकटचा हात.

पैसा आला की नेम अपरिहार्यपणे मोडतो असे मात्र नाही. १९२३ पासून चालत आलेल्या संकटमोचन संगीत समारोहात देशातील नामवंत गायक-वादक मानधन न घेता 'हाजिरी' लावतात. तेथे व्यावसायिक कलावंतच काही वेळापुरता अव्यावसायिक होतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. 'हाजिरी' हा दरबारी शब्द तेथे देवापुढच्या उपस्थितीसाठी वापरला जातो, हेही सूचक आहे. २०२० मध्ये महामारीमुळे रामनगरची लीला आणि ओबरआमरगाऊचे नाटक ही दोन्ही झाली नाहीत. २०२२ मध्ये दोन्ही पुन्हा झाली. ज्यांनी ती पुन्हा उभी केली त्यांना काय करावयाचे हे ठाऊक होते, कारण पाळ्या ठरलेल्या होत्या.

९. समारोप

वरील विवेचनावरून तौलनिक साहित्याभ्यासासाठी काही दिशा सुचतात. पहिली परिभाषेची. 'हौशी' ही संज्ञा आधुनिक रंगभूमीपुरती ठेवावी आणि तिथी, स्थळ, पाळी यांनी बांधलेल्या सहभागासाठी 'नेम' ही मराठी आणि काशीच्या बोलीला समान असलेली संज्ञा वापरावी, असे येथे सुचवावेसे वाटते. दुसरी संग्रहाची. व्यासांच्या पोथ्या, गणेशोत्सवातील पदांच्या वह्या, उत्सवी नाटकांच्या हाताने उतरविलेल्या नकला, समित्यांच्या वर्गणीच्या पावत्या आणि हस्तपत्रके ही साहित्येतिहासाची साधने आहेत. ती ग्रंथालयांत नसतात, घरांतील पेट्यांत असतात. घर बदलले की रद्दीत जातात. काशीसारख्या ठिकाणी, जेथे मराठी कुटुंबांच्या घरातील भाषा पिढीगणिक बदलत आहे, तेथे हे काम विलंबाने करण्याजोगे नाही. त्यासाठी मराठी, हिंदी, संस्कृत आणि बंगाली अशा निरनिराळ्या विभागांनी एकत्र येणे आवश्यक आहे, कारण ज्या गल्ल्यांत हे कागद आहेत त्या गल्ल्या भाषांनुसार विभागलेल्या नाहीत.

तिसरी दिशा मूल्यमापनाची आहे. एखाद्या सामुदायिक कलेचे आरोग्य तपासताना प्रेक्षकसंख्या किंवा दिव्यांची संख्या मोजली जाते. त्याऐवजी असे विचारावे : पुढील वर्षी हे काम कोण करणार हे आज ठरलेले आहे का, आणि ते ठरविण्यात काम करणाऱ्यांचा वाटा आहे का? अमृतरावांनी बांधलेल्या पायऱ्या दोनशे वर्षांनंतरही उभ्या आहेत, त्यांचे श्रेय दगडाला आणि धनाला आहे. त्यांवर प्रत्येक कार्तिक पौर्णिमेला दिवे लागतात, याचे श्रेय वेगळ्या माणसांकडे जाते. त्यांची नावे शिलालेखावर नाहीत, म्हणूनच त्यांची नोंद घेणे हे अभ्यासकांचे काम ठरते.